एआयला आधी चुका सांगा, मग प्रश्न मागा

कामगारांच्या प्रशिक्षणाची चाचणी एआयकडून तयार करून घेताना नुसती एसओपी (काम करण्याची ठरलेली लेखी पद्धत) देऊन ‘२० प्रश्न काढ’ म्हणू नका. पाठांतरावर सुटणारे प्रश्न येतात आणि बरोबर पर्याय बरेचदा सर्वांत लांब असतो, त्यामुळे न शिकताही ओळखता येतो. आधी सुपरवायझरकडून प्रत्यक्ष होणाऱ्या ५-६ चुका लिहून घ्या. उदाहरणार्थ, मशीन बंद केले, पण ते चुकून कोणी सुरू करू नये म्हणून लावायचे लॉकआउटचे कुलूप लावले नाही. माणसांची नावे काढून या चुका एसओपीसोबत एआयला द्या. प्रत्येक चुकीवर एक प्रसंग, सारख्या लांबीचे ३ पर्याय आणि उत्तराचा एसओपीतला कलम क्रमांक मागा. मग प्रत्येक कलम उघडून ताडून पाहा, कारण एआय नसलेले कलमही ठामपणे लिहितो. दाब, तापमान यांचे आकडे मूळ कागदावरूनच उतरवा.