मुरमाड माळ पडीक ठेवू नका, मृगावर चिंच अन शेवगा जोडीनं लावा

मृग जवळ आला की सगळ्यांचं लक्ष सोयाबीनच्या बियाण्याकडं, ते बरोबरच आहे, पण ज्यांच्याकडं एखादा एकर मुरमाड माळ नुसताच पडून आहे त्यांनी (अनुदान घ्यायचं असेल तर आधी मंजुरीचं विचारून) आताच खड्डे घेऊन तापू द्या. नुसती चिंच लावली तर पहिली चार-पाच वर्षं हातात रुपया येत नाही, माणूस कंटाळतो, झाडाकडं बघणं सोडतो आणि शेवटी शेळ्या खाऊन टाकतात. म्हणून मधे शेवगा पाहिजे. तो पहिल्याच वर्षी शेंगा देतो, चिंच हाताशी येईपर्यंत खर्च भागतो, मग शेवगा काढून टाकायचा.

चिंच ३३ बाय ३३ फुटांवर, एकरी ४० झाडं बसतात. खड्डा ३ फूट लांब-रुंद-खोल, त्यात कुजलेलं शेणखत आणि पोयटा माती. रोप नको, कलमच घ्या. बियांचं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं लावतं आणि चिंच कशी निघेल काही भरवसा नाही. प्रतिष्ठान ही जात आपल्याच संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्राची आहे, आधी तिचीच चौकशी करा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, आणि जोडाखालून फुटवा दिसला की तिथंच खुडायचा, नाहीतर वर्षभरात खालचं गावठी झाड जोर धरतं आणि वरचं कलम वाळून जातं, हे लै जणांच्या शेतात झालंय. बांधाला लावणार असाल तर चांगलं आत सरकून लावा, मोठ्या चिंचेच्या सावलीत शेजाऱ्याचं पीक बसलं की भावकीत कोर्टकचेऱ्या सुरू होतात.

शेवग्याला ८ बाय ८ फूट अंतर, खड्डा २ फुटांचा, जात पीकेएम-१ घेतली तरी चालतं. बी याच वर्षीचं ताजं पाहिजे, जुनं नीट उगवत नाही. काळ्या भारी रानात जिथं पाणी साचतं तिथं शेवगा अजिबात नको, मुळं सडून झाड बसतं. रोप अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा म्हणजे बाजूला फांद्या फुटतात. न खुडलेलं झाड सरळ वर जातं, लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडतं, शेंगा पण हाताला येत नाहीत. जुनी झाडं असतील तर तोडा संपल्यावर तीन फुटांवर छाटून घ्या. फूल लागताना पाणी जास्त झालं तर फूल गळतं.

पावसाळ्यात शेवग्यावर पानं खाणारी अळी येणारच. कडुलिंबाखाली आत्ता निंबोळ्या पडायला लागल्यात, गोळा करून वाळवून ठेवा, १०० लिटर पाण्याला ५ किलो कुटलेल्या निंबोळ्यांचा अर्क पुरतो. शेवग्याच्या पाल्याची पावडर विकायची असेल तर रासायनिक फवारणी नकोच, आणि पाला सावलीतच वाळवायचा. पण खरेदीदार पक्का झाल्याशिवाय पावडरीच्या नादी लागू नका, रोपं विकताना सगळेच खरेदीची हमी देतात!

ज्यांच्याकडं चिंचेची मोठी झाडं आहेत त्यांच्या झाडावर सध्या नवी पालवी आणि लाल रेघांची पिवळी फुलं आहेत, आता छाटणी नाही, फवारणी नाही, मधमाशीला काम करू द्या. फेब्रुवारी-मार्चला काढणी होते तेव्हा अखंड चिंच व्यापाऱ्याला उक्ती देऊन मोकळं होण्यापेक्षा घरी फोडून घ्या. अखंड चिंचेत गर साधारण निम्मा, चिंचोका एक तृतीयांश, बाकी टरफल-शिरा. चिंचोक्याला पण गिऱ्हाईक असतं, त्याची पावडर कापडाच्या खळीला जाते. गर उघडा ठेवला की काळा पडतो आणि भाव तुटतो, म्हणून मिठात दाबून हवाबंद ठेवा. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीपुरती घरात राहू द्या, बाकीची लातूरच्या बाजारात भाव बघून काढा.

चिंचेला फळबाग योजनेतून अनुदान असतं, पण खड्डे घ्यायच्या आधीच सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडं (आधीचे कृषी सहाय्यक) जाऊन मंजुरीचं विचारा, नंतर गेलं की कागद अडकतो.