किटन्स गेम : हिवाळ्यात पिल्लं उपाशी मरत असतील तर या चुका टाळा

किटन्स गेम 2014 पासून ब्राउझरमध्ये खेळला जातो. यात चित्रं जवळपास नाहीतच. डावीकडे साठ्याचे आकडे, मधे बटणं, उजवीकडे घडामोडींची नोंद. मांजरांच्या पिल्लांचं गाव वसवायचं, एवढंच काम. पण पहिला हिवाळा आला की नोंदीत पिल्लू उपाशी मेल्याची ओळ उमटते, मग दुसरी, आणि बरेच जण तिथेच गेम सोडतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण खरी मजा त्यानंतरच सुरू होते आणि तो हिवाळा टाळता येण्याजोगा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वसंतातला आकडा पाहून झोपड्या बांधणं. कॅटनिप ही मांजरांची आवडती वनस्पती, गेममध्ये तेच पिल्लांचं खाणं. त्याच्या एका शेताचं मूळ उत्पन्न सेकंदाला 0.625. वसंतात ते 50 टक्क्यांनी वाढतं, उन्हाळ्यात आणि शरदात मूळ पातळीवर राहतं आणि हिवाळ्यात 75 टक्क्यांनी घटतं. पिल्लाची भूक मात्र बारा महिने सारखीच : सेकंदाला 4.25. म्हणजे उन्हाळ्यात एका पिल्लाला सात शेतं पुरतात, आणि भर हिवाळ्यात त्याच पिल्लाला अठ्ठावीस शेतं लागतात. प्रत्येक पिल्लामागे तेवढी शेतं कोणीच लावू शकत नाही, कारण प्रत्येक नवं शेत आधीच्यापेक्षा 12 टक्के महाग होतं. पन्नासावं शेत साधारण 2,580 कॅटनिपला पडतं. सुरुवातीची साठवण 5,000 ची, त्यामुळे कोठार बांधल्याशिवाय 55 शेतांपुढे जाताच येत नाही.

म्हणून हिवाळा काढायचा तो बेगमीवर. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीचं सामान भरतात, तसंच. एक ऋतू 100 दिवसांचा आणि एक दिवस दोन सेकंदांचा, म्हणजे हिवाळा बरोबर 200 सेकंदांचा. समजा 50 शेतं आणि सहा पिल्लं आहेत. सहा जणांचं खाणं सेकंदाला 25.5, शेतांची हिवाळी आवक 7.8. सेकंदाची तूट 200 ने गुणली तर सुमारे 3,540 कॅटनिप लागतं. शरद संपताना साठा 5,000 असेल तर पिल्लं निभावतात. हिवाळा कडाक्याचा निघाला तर उत्पन्न मूळ पातळीच्या आणखी 15 टक्क्यांनी उतरतं आणि गरज 4,475 वर जाते. तरीही निभावतं.

आता फक्त एक झोपडी वाढवा. आठ पिल्लं, सेकंदाला 34 खाणं. उन्हाळ्यापासूनच साठा हळूहळू उतरू लागतो आणि साध्या हिवाळ्यातही 5,240 लागतात. कोठार नसेल तर तेवढं मावतच नाही. एका झोपडीने गाव बुडतं ते असं. झोपडी बांधली की त्यात पिल्लं येतातच, त्यामुळे झोपडीच्या बटणावर बोट ठेवण्याआधी हा गुणाकार करा. मी आजही कागदावर करतो.

याला जोडूनच दुसरी चूक : शरदात कॅटनिप खर्चणं. 100 कॅटनिपचं एक लाकूड होतं, आणि साठा भरलेला दिसला की हात शिवशिवतात. लाकूड करायचं ते वसंतात. शरदाच्या मध्यापासून ना नवं शेत, ना लाकूड.

तिसरी चूक जरा आडवळणाची आहे आणि बऱ्याच जाणत्या खेळाडूंच्याही लक्षात येत नाही. शेतीचं तंत्र आलं की पिल्लांना शेतकरी करता येतं. शेतकऱ्याच्या उत्पन्नावर ऋतूचा परिणाम होत नाही, हे त्याचं मोल. तो सेकंदाला 5 पिकवतो आणि 4.25 खातो. पण गावात पाचाहून जास्त पिल्लं झाली की प्रत्येक जादा पिल्लामागे समाधान 2 टक्क्यांनी घसरतं आणि त्याबरोबर सगळ्यांचं कामही. बारा पिल्लांवर समाधान 86 टक्के, शेतकऱ्याचं पीक 4.3. तेरावं पिल्लू आलं की पीक 4.2 : शेतकरी स्वतःचंही पोट भरू शकत नाही! तिथून पुढे शेतकरी करायला नवी पिल्लं आणून काही होत नाही. वर्कशॉपमधली मिनरल होजची (खनिजाच्या कुदळींची) सुधारणा घ्या, तिने शेतकऱ्याचं उत्पन्न 50 टक्क्यांनी वाढतं. शिकार करून फर आणि हस्तिदंत मिळवा. चैनीची प्रत्येक वस्तू साठ्यात असेपर्यंत समाधान 10 टक्के वाढवते. सगळी फर चर्मपत्रात घालवू नका, थोडी मागे ठेवा.

कुरणाकडेही लोक दुर्लक्ष करतात. एक कुरण गावाचं खाणं अर्ध्या टक्क्याने कमी करतं, हे वाचायला किरकोळ वाटतं. पण आठ पिल्लांच्या गावात ती बचत सेकंदाला 0.17 होते, म्हणजे हिवाळ्यातल्या एका शेतापेक्षा जास्त. पहिलं कुरण 100 कॅटनिप आणि 10 लाकडांत होतं, चाळिसावं शेत मात्र 830 ला.

लोखंडाची घाई हीही नेहमीची. एक भट्टी सेकंदाला 0.25 लाकूड आणि 0.5 खनिज गिळते आणि 0.1 लोखंड देते. लाकूडतोड्या 0.09 आणतो, खाणकामगार 0.25. म्हणजे एका भट्टीमागे पाच पिल्लं अडकतात. लाकूड शून्यावर येऊन बसलं असेल तर आधी भट्ट्या बंद करा, मग बाकीचं शोधा. उलट लाकूड-खनिजाचा साठा काठोकाठ भरून राहिला तर पुढची आवक वाया जाते. बांधकामाचं तंत्र आल्यावर 175 लाकडांची तुळई आणि 250 खनिजांची लादी करून ठेवा, त्यांना साठवणीची मर्यादा नाही.

आणि हिवाळा सुरू झालाय, साठा संपत आलाय, तर? शेतीचं तंत्र असेल तर गाव वाचतं. वरच्याच आठ पिल्लांच्या गावात तूट 26.2 आहे आणि समाधान 94 टक्के, म्हणजे शेतकऱ्यामागे 4.7. लाकूडतोडे, अभ्यासक, सगळ्यांची कामं सोडवून सहा पिल्लं शेतात घाला : 28.2 येतात, आकडा लगेच हिरवा होतो. कडाक्याच्या हिवाळ्यात सात घाला. वसंताच्या पहिल्या दिवशी त्यांना परत आपापल्या कामावर पाठवा.