खान्देशातून पायी वणीगडाला: पाय, पाणी आणि साडीचा हिशेब

चैत्रात सप्तशृंगीगडाला, म्हणजेच वणीगडाला, पायी निघायचं असेल, तर दर्शनाचा दिवस आधी ठरवा आणि तिथून मागे मोजा. यात्रा रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालते. चतुर्दशीच्या रात्री शिखरावर ध्वज लागतो, त्यामुळे त्या रात्री आणि पौर्णिमेला सर्वांत जास्त रेटा असतो. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर दशमी-एकादशीलाच दर्शन उरकेल असं निघा. ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा आहे. शिखरावर जायला वाट नाही, तेव्हा हौसेनं त्यांच्या मागे चढायला जाऊ नका. खालून हात जोडावेत.

धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी असं गेलं की साधारण 140 किलोमीटर होतात. रोजचे 28 धरले तर पाच दिवस. पहिल्या दिवशी अंगात उत्साह असतो आणि माणसं 40 किलोमीटर चालून जातात. तिसऱ्या दिवशी तीच माणसं टेम्पोत बसलेली दिसतात. पहिला दिवस 22-25 वर थांबवा.

पहाटे तीनला निघून नऊ-साडेनऊला सावली गाठायची, पाचनंतर पुन्हा दोन तास चालायचं. मधल्या वेळात चालू नये, कारण या दिवसांत पारा चाळिशीपार असतो आणि डांबर त्याहून तापतं. अंधारात रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागोमाग एक चाला. पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या हातात बॅटरी हवी, पाठीवर चमकणारी पट्टी हवी. निशाण धरणारा पुढे असतो. मागे राहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला मात्र कोणीच नसतं. हे काम एका जाणत्या माणसाकडे नेमून द्या.

नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, घोटघोट पीत राहा. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. कोणी बरळायला लागलं, अंग तापलं तर यात्रा तिथंच थांबवायची. सावलीत न्या, अंग ओल्या फडक्यानं पुसा, गाडी बोलावून दवाखाना गाठा.

सर्वांत जास्त माणसं फोडांमुळे मागे फिरतात. नव्या बुटानं घासलं जातं, त्यात मोजा घामानं ओला, म्हणून फोड. जे घालून निघणार तेच पायात घालून आधीचे पंधरा दिवस रोज काही किलोमीटर चाला. निघताना टाचेला, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावा, दुपारी मोजे बदला. लहान फोड फोडू नका. मोठा असला तर उकळलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढा, कातडी तशीच ठेवा, वर औषध लावून पट्टी बांधा. मधुमेह असलेल्यांनी फोडाला हात न लावता डॉक्टरकडे जावं आणि अनवाणी चालूच नये. अनवाणीचा नवस बोलायचाच असेल, तर फक्त गडाच्या पायऱ्यांपुरता बोलावा. आईला तेवढं पुरेसं आहे.

नांदुरीपासून वर सुमारे दहा किलोमीटरचा घाट आहे. तो दमलेल्या पायांनी दुपारी चढू नका. नांदुरीत रात्र काढून पहाटे निघा. गडावर पोचल्यावर मंदिरापर्यंत जवळपास 500 पायऱ्या उरतात. गुडघे धरले असतील तर 2018 पासून सुरू असलेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीनं वर जा, त्यात कमीपणा काही नाही.

ओटीचं सामान घरूनच बांधून न्या: खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सुपारी, हळकुंड, खारीक, बांगड्या. साडी नेसवायची असेल तर सहावारी घेऊ नका. मूर्ती सुमारे आठ फूट उंच आणि अठरा हातांची, तिला 11 वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात. कापड दुकानात 11 वार आधी सांगून ठेवावं, कारण ऐनवेळी मिळत नाही. प्लास्टिकची पिशवी नको, कापडी घ्या आणि तिचं तोंड बांधून ठेवा. पायऱ्यांवरची माकडं हातातला प्रसाद ओढतात. पिशवी छातीशी धरा, ओढाताण करू नका, तोल जातो.

कोजागिरीला कावड घेऊन येणाऱ्यांसाठी एवढंच वेगळं: कावड जमिनीला टेकवायची नसते, म्हणून मुक्कामाच्या जागी आधी मजबूत फांदी किंवा तिकाटणं (तीन काठ्यांचा आधार) बघून ठेवा.

उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. कठडा धरून सावकाश उतरा आणि नांदुरीपर्यंत बसनंच या. पाच दिवस सांभाळलेले पाय परतीच्या घाटात दुखावून घेऊ नका.