बेटावरच्या गोपनीय सागरी केंद्राचं अंदाजपत्रक: सुरुवात बोटीपासून करा

अशा केंद्राचं अंदाजपत्रक बहुतेक वेळा इमारतीच्या चौरस फुटांपासून सुरू होतं आणि तिथेच फसतं. भर समुद्रातल्या जागी पैसा खातात ते बोट, डिझेल, माणसांची अदलाबदल आणि सांडपाणी. हिशेबासाठी इथे एक नमुना घेतला आहे: अंदमानातलं एक बेट, मुक्कामी १२ माणसं, आणि रोगग्रस्त मासे व कोळंबी अभ्यासासाठी वेगळी ठेवणाऱ्या एकूण ४० घनमीटरच्या टाक्या. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत कुठेही लावता येते.

आधी बेट खरंच हवं का, ते लेखी ठरवा. परदेशातून येणाऱ्या व्हनामेई कोळंबीच्या जनक साठ्याचं, म्हणजे पिल्लं मिळवण्यासाठी आणलेल्या मोठ्या कोळंबीचं, विलगीकरण चेन्नईजवळ नीलंकराईला होतं. ते केंद्र मुख्य भूमीवरच आहे. मुख्य भूमीवर भागत असेल तर पुढचे निम्मे खर्च उरतच नाहीत.

बेट पक्कं झालं की कॅलेंडर काढा. नैऋत्य मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो, आणि ऑक्टोबरनंतर चक्रीवादळांची धास्ती असते. जड माल उतरवायला भरवशाचे महिने जानेवारी ते एप्रिल. सरकारी निधी मात्र १ एप्रिलला नव्याने सुरू होतो. एप्रिलमध्ये मंजुरी, मग निविदा, मग पुरवठा, या क्रमाने गेलात तर डिझेल बंदरात येईपर्यंत समुद्र खवळलेला असतो. पावसाळी साठ्याची मंजुरी म्हणूनच आधीच्या आर्थिक वर्षात घ्या, निविदा नोव्हेंबरात काढा, माल फेब्रुवारीत बंदरावर आणा आणि शेवटची फेरी १० मेच्या आत संपवा. लेखा विभागाला हे पहिल्याच बैठकीत समजावून सांगावं लागतं, कारण ३१ मार्चला निधी परत गेला की पावसाळ्यात हेलिकॉप्टरने डिझेल नेण्याची पाळी येते.

आता वीज. पंप, शीतगृह आणि बंदिस्त विभागाची (जिथून रोगजंतू बाहेर पडू द्यायचे नाहीत तो भाग) हवा चोवीस तास चालते, म्हणून सरासरी भार ४० किलोवॅट धरू. दिवसाला ९६० युनिट झाले. जनरेटर लिटरला साधारण ३.२ युनिट देतो, म्हणजे रोज ३०० लिटर डिझेल. मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत १४० दिवस आणि राखीव ३० दिवस मिळून साठा ५१,००० लिटर, म्हणजे २०० लिटरची २५५ पिंपं. ही पिंपं उतरवायला जेटी, क्रेन आणि सांडलेलं तेल अडवणारा बांध लागतो. बेटावरचा दर म्हणजे बंदरातला दर नव्हे. बोटीच्या एका फेरीचा सगळा खर्च त्या फेरीत उतरलेल्या लिटरांनी भागा आणि तो बंदरातल्या दरात मिळवा. अंदाजपत्रकात हाच दर जातो.

एकच मोठा जनरेटर घेण्याचा मोह टाळा. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी भारावर तो सतत चालला की डिझेल पूर्ण जळत नाही, धुराड्यात ओलसर काजळी साचते आणि इंजिन लवकर बसतं. ६२.५ केव्हीएचे, म्हणजे साधारण ५० किलोवॅटचे, तीन संच घ्या: एक चालू, एक गर्दीच्या वेळेसाठी, एक दुरुस्तीसाठी मोकळा. २५० तासांनी तेल बदलायचं धरलं, तर एक संच सतत चालू राहिल्यावर वर्षाला किमान ३५ वेळा तेल बदलावं लागतं. तेवढं तेल, तेवढे फिल्टर आणि जळकं तेल परत नेण्याचं भाडं, तिन्ही लिहा. १०० किलोवॅटची सौर यंत्रणा उन्हाळ्यात रोज ४०० युनिट, म्हणजे सव्वाशे लिटर वाचवते. पावसाळ्याच्या साठ्यातून मात्र तिच्या नावावर एक लिटरही कमी करू नका.

सगळ्यात हात आखडता घेतला जातो तो सांडपाण्यावर, आणि धोका नेमका तिथेच असतो. २००७ साली इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या संशोधन परिसरातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला. चौकशीत संशय गेला तो जमिनीखालच्या जुन्या, गळक्या सांडपाणी वाहिन्यांकडे. तिथे एकाच वाहिनीत एकाहून जास्त संस्थांचं पाणी जात होतं, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे रेंगाळलं होतं. आपल्या नमुन्यात टाक्यांचं रोज १० टक्के पाणी बदललं तर ४ घनमीटर सांडपाणी होतं. प्रक्रिया तीन दिवस बंद पडली तर १२ घनमीटर, आणि साथ उद्भवून सगळ्या टाक्या एकदम रिकाम्या कराव्या लागल्या तर आणखी ४०. म्हणून सांडपाणी साठवून ठेवणारी धारण टाकी ५२ घनमीटरची. बहुतेक आराखड्यांत हे ४० घनमीटर विसरलेले असतात. वाहिन्या जमिनीवरून, डोळ्यांना दिसतील अशा न्या, आणि त्यांची मालकी व दुरुस्ती खर्चाच्या एकाच शीर्षाखाली ठेवा.

निर्जंतुकीकरणाला द्रव हायपोक्लोराइट नेऊ नका, उष्णतेत त्याची ताकद महिन्यागणिक घटते. कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी टिकते, पण तेलाशी संपर्क आला तर पेट घेते. तिच्यासाठी डिझेलपासून दूर, कोरडी, हवेशीर खोली हवी, आणि समुद्रात सोडण्यापूर्वी उरलेलं क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटही हवं. बंदिस्त विभागातले हेपा फिल्टर (हवेतले सूक्ष्म कण अडवणारे) दरवर्षी तपासायला तंत्रज्ञ मुख्य भूमीवरून येतो, त्याची बोट आणि मुक्काम धरा. वीज गेली की आतली हवा बाहेर झिरपू न देणारा ऋण दाब सुटतो, त्यामुळे बाहेर हवा फेकणारे पंखे यूपीएसवरच असावेत.

१२ जागांसाठी पगारपत्रकावर २६ माणसं लागतात: सहा आठवडे काम, सहा आठवडे सुट्टी म्हणून २४, आणि आजारपणासाठी दोन. पावसाळ्यात अदलाबदल थांबते, म्हणून तेव्हा सहाजणांचीच तुकडी ठेवा आणि त्या महिन्यांचा भत्ता वेगळा द्या. रुग्ण हलवण्याच्या हेलिकॉप्टरचा निधी राखीव ठेवा आणि कपातीच्या वेळी त्याला हात लावू देऊ नका.

गोपनीयतेचा स्वतंत्र रकाना करा, नाहीतर तिचा खर्च बाकी सगळ्यात विरघळतो. उद्देश गुप्त असू शकतो, तांदूळ आणि पाइप गुप्त नसतात. साधा माल खुल्या निविदेने घ्या. पारखलेल्या मोजक्या पुरवठादारांचे चढे दर फक्त बंदिस्त विभागाच्या यंत्रांपुरते ठेवा. एवढ्या डिझेलच्या परवान्याला जागेचा नकाशा लागतो, किनाऱ्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी. या यंत्रणांपासून आणि लेखापरीक्षकांपासून लपवण्याचा खर्च कधीच परवडत नाही. १९७४ साली अमेरिकेने बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला ग्लोमर एक्स्प्लोरर जहाज पाठवलं, बाहेर सांगितलं होतं समुद्रतळावरच्या मँगनीजच्या गोळ्यांचं खाणकाम. पुढे लॉस एंजेलिस काउंटीने मालमत्ता कर मागितला आणि जहाज नक्की कोणाचं, हा प्रश्न कागदावर आला.

बांधकामाबाबत थोडक्यात: बेटावरचे मजूर-दिवस कमी करा. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं अंटार्क्टिकातलं भारती स्थानक १३४ कंटेनरांतून उभं राहिलं. तोच मार्ग इथे बरा. खाऱ्या हवेसाठी देखभाल वर्षाला भांडवली खर्चाच्या ५ टक्क्यांहून कमी धरू नका. पहिल्या अंदाजाला तर चिकटूनच बसू नका: न्यूयॉर्कजवळच्या प्लम बेटावरच्या प्राणीरोग प्रयोगशाळेच्या जागी कॅन्सासात बांधलेलं नवं केंद्र ४५.१ कोटी डॉलरांच्या अंदाजावरून सव्वाशे कोटी डॉलरांवर गेलं.

शेवटचं शीर्ष केंद्र बंद करण्याचं. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये अँथ्रॅक्सच्या गुप्त चाचण्या झाल्या. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेलं २८० टन फॉर्माल्डिहाइडचं द्रावण तिथल्या जमिनीत जिरवावं लागलं, आणि बेट सुरक्षित जाहीर झालं १९९० मध्ये. म्हणून टाक्या निर्जंतुक करणं, माती-पाण्याचे नमुने तपासणं आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणणं यांचा हिशेब पहिल्याच वर्षी मांडा, केंद्राच्या अपेक्षित वर्षांनी भागा आणि ती रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाका. या भागाकारात परतीच्या बोटीचं भाडं आजच्या नव्हे, बंद करण्याच्या वर्षीच्या दराने धरा.