माजी सैनिकाच्या घरी ट्रॅमाडॉल येतं तेव्हा काय करावं

गुडघ्याचं किंवा मणक्याचं ऑपरेशन झालं की डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल लिहिलेलं असतं. या गोळ्या अफूसारखं काम करतात. दुखणं थांबतं, पण सवयही लागते. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, ते उगाच नाही.

चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना तिथेच विचारा: गोळी किती दिवस घ्यायची आणि बंद कशी करायची? ‘दुखेल तशी घ्या’ एवढ्यावर उठू नका.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतल्या घरात औषधं पॉलिक्लिनिकमधून येतात, पॅनेलवरच्या हॉस्पिटलातून येतात, शिवाय गावातलं मेडिकल असतंच. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी येतं आणि डोस नकळत दुप्पट होतो. म्हणून स्ट्रिपवर कंपनीने दिलेल्या नावासोबत छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचा. सगळ्या औषधांची एकच वही ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना ती दाखवा.

गोळ्या कुलपात ठेवा, घरातल्या एकाने दर आठवड्याला मोजा. उरलेल्या गोळ्या ‘असू देत’ म्हणून ठेवू नका. नातवाच्या हाती लागतात त्या याच. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडा, असं केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनेच २०२५ मध्ये सांगितलं आहे.

आता कॅन्टीनच्या रमबद्दल. गोळी चालू असेपर्यंत एक पेगही नको. दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी सोबत गेली तर श्वासच मंदावतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने २०१३ मध्ये अशा औषधांवर देखरेख सुरू केली, तेव्हा झोपेच्या गोळ्यांच्या जोडीवर मुद्दाम नजर ठेवली.

महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यात संपू लागल्या, ‘स्ट्रिप हरवली’ वारंवार ऐकू आलं, तर ओरडू नका. आयुष्यभर दुखणं गिळायला शिकलेला माणूस रागावल्यावर आणखी लपवतो. शेजारी बसून विचारा. गोळ्या एकदम हिसकावूनही घेऊ नका. घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. डोस डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, श्वासाकडे लक्ष ठेवा. यावर उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं. डॉक्टरांना नेमकं कळावं म्हणून रिकामी स्ट्रिप सोबत न्या.