व्हीटी-एक्स बंद आहे म्हणून अडलेल्यांसाठी

मी पुण्यात सिस्टिम ॲडमिनचं काम करते आणि सवडीने डिप्लोमाच्या मुलांना लिनक्स शिकवते. नव्या बॅचच्या पहिल्याच आठवड्यात ठरलेली तक्रार येते: "ताई, व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सुरूच होत नाही." व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या आतच दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर आणि उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार. स्क्रीनवर 'व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायॉस' असा संदेश असतो. व्हीटी-एक्स ही त्या आतल्या मशीनसाठी लागणारी इंटेल प्रोसेसरची सोय, आणि बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, मशीनच्या मूळ सेटिंग सांभाळणारा प्रोग्रॅम. एवढ्यावरून काही जण आपला कॉम्प्युटर कुचकामी ठरवतात आणि घरी नव्या लॅपटॉपचा विषय काढतात. कृपा करून तसं करू नका. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक सगळ्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांमध्ये ही सोय असते. बऱ्याच मशीनवर ती नुसती बंद ठेवलेली असते.

ही सोय आली कशी, ते थोडक्यात. आपल्या पीसीचा एक्स-८६ प्रोसेसर मुळात एका मशीनवर दुसरं मशीन चालवण्यासाठी घडवलेलाच नव्हता. १९९९ साली व्हीएमवेअरने पाहुण्या, म्हणजे आत चालणाऱ्या, सिस्टिमच्या अडचणीच्या सूचना चालता चालता बदलून हे जमवलं. इंटेलने नोव्हेंबर २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणलं, २००६ मध्ये एएमडीची तशीच सोय आली आणि हे काम थेट प्रोसेसरकडे गेलं. डिसेंबर २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्सने जुना, निव्वळ सॉफ्टवेअरचा मार्ग काढूनच टाकला. त्यामुळे 'सेटिंगमध्ये व्हीटी-एक्सची टिक काढा' असं सांगणारे जुने व्हिडिओ आता उपयोगाचे नाहीत.

मुलं मला विचारतात, विंडोजमधूनच हे का चालू होत नाही? इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी एक खास रजिस्टर, म्हणजे नोंद ठेवायची छोटी जागा, असतं. कॉम्प्युटर सुरू होताना फर्मवेअर, म्हणजेच बायॉस, त्यात परवानगी आहे की नाही हे लिहितं आणि त्याला कुलूप लावतं. मशीन रीसेट होईपर्यंत ते कुलूप निघत नाही, आणि विंडोज येतं ते त्याच्यानंतर. म्हणून 'एका क्लिकमध्ये व्हीटी-एक्स चालू' म्हणणारी कुठलीही फाइल डाउनलोड करू नका.

बायॉसला हात लावण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली 'व्हर्च्युअलायझेशन' ही ओळ वाचा. 'एनेबल्ड' दिसत असेल तर बायॉस ठीक आहे, दुखणं दुसरीकडे आहे. 'डिसेबल्ड' असेल तरच पुढे चला.

आणि थांबा, आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, बघा! आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क मालकाला पत्ता नसताना एन्क्रिप्ट झालेली असते. फर्मवेअरमध्ये बदल केला की विंडोज कधी कधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा साठवलेली असते. ती शोधून वहीत उतरवून घ्या, मगच रीस्टार्ट करा. परीक्षेच्या तोंडावर सबमिशनच्या फाइली अडकल्या तर होणारा मनस्ताप मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आत जायची किल्ली मशीनप्रमाणे बदलते. डेलला एफ२, एचपीला एफ१०, सुट्या भागांतून जुळवलेल्या डेस्कटॉपला बहुधा डिलीट. वेळ साधत नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक करा आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असे जा. आत इंटेलच्या मशीनवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' शोधा. एएमडीच्या बोर्डवर व्हर्च्युअलायझेशन हा शब्दच नसतो बऱ्याचदा, तिथे 'एसव्हीएम मोड' असं लिहिलेलं असतं, तेही ओव्हरक्लॉकिंगच्या पानात दडलेलं. मुलं सर्वांत जास्त अडतात ती इथेच. शेजारी 'व्हीटी-डी' दिसलं तर ते वेगळं आहे: ग्राफिक्स कार्डासारखं खरं उपकरण थेट व्हर्च्युअल मशीनला देण्यासाठी. शिकण्यापुरती त्याची गरज नाही. बदल सेव्ह करून बाहेर पडा. टास्क मॅनेजरमधली ओळ तरीही 'डिसेबल्ड' राहिली तर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा.

आता दुसरं दुखणं. टास्क मॅनेजर 'एनेबल्ड' म्हणतो, पण व्हर्च्युअल मशीन रखडत चालतं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. याचा अर्थ प्रोसेसरची ही सोय हायपर-व्हीने, म्हणजे विंडोजच्याच व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाने, आधीच धरून ठेवली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या मार्फत काम करावं लागतंय. डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) किंवा विंडोजच्या सुरक्षेतलं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असलं की असं होतं. मेमरी इंटिग्रिटी घाईने बंद करू नका, ती खरंच संरक्षण देते. नुसत्या कमांड शिकायच्या असतील तर कासव चालतं, किंवा सरळ डब्ल्यूएसएल-२ वापरा. नेटवर्किंगचे प्रयोग, दोन-तीन सर्व्हर एकमेकांशी जोडणं, यासाठी मात्र पूर्ण व्हर्च्युअल मशीनच हवं.

पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसात वापरलेला जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक गोष्ट दुकानातच तपासावी. कंपनीच्या आयटी विभागाने लावलेला बायॉसचा पासवर्ड कधी कधी तसाच राहून जातो आणि मग बायॉसमधली व्हर्च्युअलायझेशनची ओळ दिसते, पण बदलता येत नाही. नुसतं विंडोज सुरू झालेलं पाहून पैसे देऊ नका. दुकानदारासमोर बायॉस उघडा, ती ओळ चालू करून सेव्ह करा. पासवर्ड मागितला तर दुसरं मशीन दाखवायला सांगा.