ॲडव्हेंट रीथ घरी कसे मांडावे

आगमनकाळ, म्हणजे ॲडव्हेंट, हा नाताळपूर्वीचा चार रविवारांचा तयारीचा काळ; आणि रीथ म्हणजे हिरव्या पाल्याचे गोल कडे, ज्यात दर रविवारी एक जास्त मेणबत्ती पेटवतात. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दिवसांत केव्हाही येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. आदल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत रीथ मांडून तयार असावे. त्यासाठी एक पितळी परात, चार स्टीलच्या वाट्या, बारीक वाळू, हिरवा पाला आणि चार मेणबत्त्या पुरतात. परंपरेने तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते, परंतु चारही जांभळ्या किंवा चारही पांढऱ्या चालतात. त्यामुळे रंग मिळाला नाही म्हणून पांढऱ्या मेणबत्तीला रंगीत कागद गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. ज्योत खाली उतरली की तो कागद पेट घेतो.

खरी कसोटी मेणबत्त्या बसवताना लागते, आणि मला स्वतःला सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच. वितळलेल्या मेणाचे चार थेंब टाकून त्यावर मेणबत्ती चिकटवावी, असे जो तो सांगतो. देवळात एका मिस्सेपुरते, म्हणजे एका उपासनेपुरते, ते टिकत असेल. घरात मात्र रोज पेटवताना आणि विझवताना धक्का लागून मेणबत्ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटते आणि थेट पाल्यावर कलंडते. फुलवाल्यांकडचा हिरवा फोमही मी वापरू देणार नाही, कारण मेणबत्तीचे भोक त्यात एकदा सैल झाले की पुन्हा आवळता येत नाही.

वाटीत ओलसर वाळू दाबून भरावी. मुठीत घट्ट धरल्यावर तिचा गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. मेणबत्ती चार-पाच सेंटीमीटर आत रोवून भोवतीची वाळू अंगठ्याने पुन्हा दाबावी, आणि डोळ्यांच्या रेषेत परात आणून मेणबत्ती दोन्ही बाजूंनी सरळ दिसते का ते पाहावे. ओघळणारे मेणही वाळूतच राहते. वाळू वाळली की ती पकड सोडते, म्हणून दर दोन दिवसांनी चमचाभर पाणी घालावे. चारही वाट्या परातीत गोलाकार मांडल्यावर मगच बाहेरून पाला लावावा, आणि वाटीच्या कडेपासून तो तीन बोटे दूर ठेवावा. वसईच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाचा पाला सहज मिळतो आणि दिसतोही सुंदर, पण वाळलेला सुरू क्षणात भडकतो; मी आसोपालव वापरते आणि दर शनिवारी तो बदलते.

मेणबत्त्या उंच आणि एकसारख्या घ्याव्यात. आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा असतो. रोज पंधरा मिनिटे धरली, तर पहिली मेणबत्ती सात तासांपर्यंत जळते, चौथी मात्र जास्तीत जास्त पावणेदोन तास. २०२३ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आल्याने तिला एकच संध्याकाळ मिळाली. ही उतरती उंची डोळ्यांना खुपते म्हणून मधेच पहिली मेणबत्ती बदलणे मला अजिबात मान्य नाही. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न या प्रोटेस्टंट धर्मगुरूंनी १८३९ साली आपल्या संस्थेतल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आला हे मोजता यावे म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, वारांसाठी लहान आणि रविवारांसाठी मोठ्या. कॅथलिक घरांत ही रीत विसाव्या शतकात आली. सरलेले आठवडे मेणबत्त्यांच्या उंचीवरून मुलांना दिसावेत, यासाठीच तर हे मांडायचे.

पेटवताना पंखा बंद करावा. सुरुवात नेहमी पहिल्या आठवड्याच्या मेणबत्तीपासून करावी आणि गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी लावावी. बायबलमधील यशयाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील दुसरे वचन वाचून प्रार्थना करावी, मग जेवायला बसण्यापूर्वी सर्व ज्योती विझवाव्यात. मधोमध पांढरी मेणबत्ती ठेवायची असल्यास ती नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत पेटवू नये.